अ‍ॅबोरिजिनल कलाकाराकडून चित्रकला शिकायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली मराठी मंडळी, मुलाकडे-मुलीकडे काही महिन्यांसाठी आलेले आईबाबा आणि उलुरू हा वाळवंटातला प्रचंड खडक बघायला निघालेले पर्यटक यांच्याकडून जे प्रश्न येत राहतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी कुठल्याही अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, समाजाच्या वतीने बोलत नाही. तुम्हाला शिकवणारा कलाकार इथल्यापेक्षा वेगळं काही सांगत असेल, तर त्याचंच ऐका.

मी अ‍ॅबोरिजिनल नाही. मला ही चित्रकला शिकता येईल का?

हो. बरेच कलाकार आणि कलाकेंद्रं बाहेरच्यांसाठी कार्यशाळा घेतात, आणि हौसेने घेतात. त्यांच्या शेजारी बसून रंग किती पातळ करायचा, काडी कशी धरायची, रेघ कुठून सुरू करायची हे शिकता येतं. चित्रातल्या काही खुणा वाचता येऊ लागतात. गोष्ट जेवढी सांगितली जाईल तेवढी ऐकायला मिळते.

पण शिकलात म्हणून ती गोष्ट तुमची होत नाही. गोष्ट, तिची नक्षी आणि ती काढायचा हक्क ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहतो. घरी येताना तुमच्याबरोबर येतं ते तुमच्या हाताने काढलेलं तुमचं चित्र. एवढं पुरत असेल तर जरूर जा. ‘अ‍ॅबोरिजिनल चित्रकार’ असं प्रमाणपत्र हवं असेल तर तशी सोय कुठेच नाही, आणि कुणी देऊ केली तर पैसे भरू नका.

गोष्टीला मालक असतो म्हणजे नक्की काय?

मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांचं उदाहरण घेऊ. त्यांच्या ‘जुकुर्पा’मध्ये, म्हणजे पूर्वजांच्या पवित्र गोष्टींमध्ये, पूर्वज या भूमीवरून कसे गेले, कुठे थांबले, कुठे पाणी निघालं, कुठे डोंगर झाला हे सगळं येतं. त्यातच माणसांनी कसं वागायचं याचा कायदाही येतो. प्रत्येक जुकुर्पा ठरावीक जागांशी बांधलेला असतो आणि त्या जागांशी ठरावीक माणसं. वडिलांकडून ज्यांच्याकडे तो येतो ते त्याचे ‘किर्डा’. आईच्या बाजूने ज्यांचा त्याच्याशी संबंध लागतो ते ‘कुर्डुंगुर्लु’. किर्डा चित्र काढतो, गातो, नाचतो. ते बरोबर होतंय की नाही यावर लक्ष ठेवायचं काम कुर्डुंगुर्लुचं. म्हणजे चित्रकाराच्या मनात आलं आणि त्याने काढलं, असं तिथल्या स्वतःच्या माणसालाही चालत नाही. मग दोन तासांच्या कार्यशाळेला आलेल्या आपल्याला ते कसं चालेल?

हा हक्क मोडला की काय होतं, याची ऑस्ट्रेलियातली दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत असायला हवीत. १९६६ मध्ये दशमान चलन आलं तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर उत्तरेकडच्या अर्नहेम लँडच्या डेव्हिड मलंगी यांचं झाडाच्या सालीवरचं चित्र छापलं गेलं, त्यांना न विचारता. चित्र एका पूर्वज शिकाऱ्याच्या मृत्युविधीचं होतं. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. देशभर खिशाखिशात फिरणाऱ्या चित्राचा हा मोबदला!

दुसरं प्रकरण गालिच्यांचं. अनेक अ‍ॅबोरिजिनल कलाकारांची चित्रं परवानगीशिवाय गालिच्यांवर विणून व्हिएतनामहून आयात केली गेली. त्यांत अर्नहेम लँडमधल्याच यिरकलाच्या बंडुक मारिका यांच्या कुळाच्या पवित्र पाणवठ्याचं चित्र होतं. गालिचा म्हणजे पाय पुसायची वस्तू. चूक दुसऱ्यांची असली तरी त्यांच्या समाजात जाब द्यायची वेळ त्यांच्यावर येणार होती, कारण चित्र सांभाळायची जबाबदारी त्यांची. १९९४ मध्ये फेडरल कोर्टाने सुमारे १,८८,००० डॉलर भरपाई देताना केवळ बुडालेला पैसा पाहिला नाही, कलाकारांना त्यांच्या समाजात झालेला त्रासही लक्षात घेतला.

कार्यशाळेत कुणी ‘हे काढू नका’ असं म्हणालं, तर त्यामागे एवढं सगळं असतं.

ठिपके म्हणजेच अ‍ॅबोरिजिनल चित्रकला ना?

नाही. युरोपीय लोक आले तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. चित्रांच्या रीतीही तशाच अनेक.

ठिपक्यांनी भरलेले कॅनव्हास हे वाळवंटी प्रदेशाचे, आणि कॅनव्हास म्हणून ते फार जुने नाहीत. १९७१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्सपासून साधारण २४० किलोमीटरवर पपुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन हे चित्रकला शिक्षक होते. तिथल्या शाळेच्या भिंतीवर गावातल्या पुरुषांनी मधमुंग्यांच्या जुकुर्पाचं मोठं चित्र रंगवलं. तेसुद्धा ज्यांची ती गोष्ट होती त्यांची संमती घेऊनच. त्यांतल्या कापा जाम्पिजिन्पा यांना त्याच वर्षी अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस विभागून मिळालं. १९७२ मध्ये या चित्रकारांनी ‘पपुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. ती आजही चालू आहे. भिंतीवरचं ते चित्र मात्र काही वर्षांतच रंगाचा हात मारून झाकलं गेलं. त्याआधी याच खुणा वाळूवर, अंगावर आणि लाकडी वस्तूंवर काढल्या जात होत्या.

उत्तरेला अर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनी बारीक आडव्यातिडव्या रेघांची जाळी भरतात, तिला कुनिंज्कु भाषेत ‘रार्क’ म्हणतात. वायव्येकडच्या किंबर्लीत रोव्हर थॉमस यांच्यासारख्यांनी गेरू-पिवडीचे मोठे, शांत पट्टे वापरले. मेलबर्नच्या परिसरातली परंपरा रेघांची आणि शंकरपाळ्याच्या आकाराच्या नक्षीची. तिथल्या वुरुन्जेरी लोकांचे पुढारी विल्यम बराक १९०३ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांत समारंभासाठी जमलेली, पॉसम या प्राण्याच्या कातड्याचे नक्षीदार झगे पांघरलेली माणसं दिसतात. मेलबर्नमध्ये एखाद्या स्थानिक कलाकाराने ठिपक्यांऐवजी रेघा शिकवल्या तर ‘आम्हाला खरं अ‍ॅबोरिजिनल शिकवा’ म्हणून नाराज होऊ नका. खरं तेच आहे.

आणि अल्बर्ट नमत्जिरा? अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या पश्चिमेकडच्या न्टारियाचे हे आरेर्न्ते चित्रकार जलरंगात निसर्गचित्रं काढत. १९३६ मध्ये रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराबरोबर ते उंटांचा तांडा घेऊन हिंडले आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून जलरंग शिकले. काही समीक्षकांनी ही चित्रं ‘आपल्या परंपरेची नाहीत’ म्हणून हिणवली. पण ते डोंगर त्यांच्या पूर्वजांचे होते, ती झाडंही. मला तर त्यांची चित्रं कुठल्याही ठिपक्यांइतकीच अ‍ॅबोरिजिनल वाटतात.

ठिपके गुपितं झाकायला असतात हे खरं का?

काही अंशी. पपुन्याच्या सुरुवातीच्या पाट्यांवर अशा वस्तू आणि नक्ष्या उघड आल्या होत्या, ज्या केवळ दीक्षा झालेल्या पुरुषांनी पाहायच्या. ती चित्रं बाहेर प्रदर्शनात लागली तेव्हा आसपासच्या समाजांतल्या जाणत्या पुरुषांनी आक्षेप घेतला. पुढे चित्रकारांनी तसा मजकूर गाळला आणि ठिपक्यांची पार्श्वभूमी वाढली. त्या काळातल्या काही पाट्या संग्रहालयं आजही भिंतीवर लावत नाहीत.

म्हणून प्रत्येक ठिपक्याखाली रहस्य आहे असं समजू नका. ठिपके गवताच्या बियांचे असू शकतात, जळून गेलेल्या माळाचे असू शकतात, पावसानंतर उगवलेल्या फुलांचे असू शकतात. ‘याखाली काय लपलंय?’ असं कलाकाराला विचारू नका.

कार्यशाळेत नक्की काय होतं?

उलुरूजवळच्या युलारा गावातली कार्यशाळा सर्वांत सोयीची, म्हणून तिचंच वर्णन करतो. ती ‘मारुकु आर्ट्स’ घेतं; ही संस्था तिथल्या अनंगू लोकांच्या मालकीची आहे. शिकवणारी बहुधा एखादी अनंगू बाई असते. ती पित्जान्त्जात्जारा बोलते आणि शेजारी दुभाषी बसतो. सुरुवात रंगांनी होत नाही, लाल वाळूने होते. ती हाताने वाळू सारखी करते, बोटाने एक खूण काढते, तिचं नाव सांगते, वाळू पुन्हा सारखी करते आणि पुढची खूण काढते. लहान मुलांना गोष्ट सांगायची हीच रीत. बघताना एक लक्षात येतं: खुणा एकामागून एक येतात आणि पुसल्या जातात. चित्र हे आधी सांगणं असतं, टिकवून ठेवणं नंतर.

मग ती तिचं चित्र दाखवते. त्यातलं जे सांगण्यासारखं आहे ते सांगते. एखाद्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही, किंवा दुभाषी दोन वाक्यांचं अर्धं वाक्य करतो. ते तिथेच सोडून द्यायचं.

त्यानंतर तुमच्यासमोर छोटा कॅनव्हास किंवा पुठ्ठा, अ‍ॅक्रिलिक रंग आणि काड्या येतात. शिकलेल्या खुणा वापरून स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट काढायची असते. तिच्या चित्राची नक्कल करायची नसते. इथे आपली मंडळी हमखास अडतात. समोर नमुना नसला की ‘मी काय काढू?’ सुरू होतं. एक काकू बराच वेळ रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी माहेरची विहीर, तिच्याकडे जाणाऱ्या दोन पायवाटा आणि काठावर बसलेल्या चार बायका काढल्या. कलाकार बाईंनी ते चित्र बोटाने वाचलं आणि त्या बायका कोण, असं विचारलं. पुढची दहा मिनिटं दुभाष्याला दम खायला फुरसत नव्हती.

सगळं दीड-दोन तासांत संपतं. घाईने शिकवलं जात नाही आणि ‘छान, छान’ असं कौतुकही फार होत नाही. गप्प बसून काम चाललंय म्हणजे बरं चाललंय.

खुणांचे अर्थ पाठ करून जावं का?

नको. इंटरनेटवरचे खुणांचे तक्ते शब्दकोशासारखे वापरता येत नाहीत. इंग्रजी यू सारखी खूण म्हणजे बहुधा बसलेला माणूस, कारण माणूस वाळूत मांडी घालून उठला की तसाच ठसा राहतो. एकात एक वर्तुळं म्हणजे मुक्काम, पाणवठा, चूल, झाड किंवा खड्डा. काय ते गोष्टीवर ठरतं. बाणासारखी तीन बोटं म्हणजे इमूचं पाऊल. हे सगळं वरून पाहिल्यासारखं असतं, कारण जमीन आणि तिच्यावर उमटलेलं पाऊल वाचणाऱ्यांची ही लिपी आहे. आणि ही वाळवंटातली रीत झाली. अर्नहेम लँडमध्ये हा तक्ता काढलात तर समोरचा हसेल.

साहित्य काय लागतं?

वाळवंटी पद्धतीच्या कार्यशाळेत तुम्हाला काहीच न्यावं लागत नाही. अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास आणि ठिपक्यांसाठी बांबूच्या बारीक काड्या. अंगावरचे कपडे जुने असू देत. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर निघत नाही.

सालीचं चित्र ही वेगळीच मेहनत आहे. पावसाळ्यात झाडात रस चढलेला असतो तेव्हा स्ट्रिंगीबार्क निलगिरीची साल एका तुकड्यात सुटते. बाहेरचा खरबरीत थर तासायचा, साल आगीवर शेकायची, वजनाखाली दाबून सपाट करायची आणि वाळू द्यायची. पांढरी माती, तांबडी आणि पिवळी काव, काळा रंग दगडावर घासून पाण्यात उतरवायचे. पूर्वी ते चिकटून राहावेत म्हणून ऑर्किडचा रस घालत, हल्ली लाकडाला लावायचा पांढरा गोंद घालतात. बारीक रेघांसाठी यिरकलाला माणसाच्या केसांचा लांब कुंचला वापरतात, तर पश्चिम अर्नहेम लँडमध्ये लव्हाळ्याची काडी चावून-तासून केलेला. रेघ हात टेकवून खरवडत काढायची नसते. भरलेला कुंचला सालीवर आडवा ठेवून अलगद ओढायचा असतो. रार्कचे मोठे चित्रकार जॉन मावुर्न्जुल हे काम थोरल्या भावाकडून आणि काकांकडून शिकले आणि पुढे त्यांनी ते आपल्या बायकोला शिकवलं. वर्षानुवर्षं शेजारी बसून, आधी दुसऱ्याच्या चित्रातला कोपरा भरत शिकायची ही गोष्ट आहे. एका दुपारी तुम्हाला मिळते ती केवळ चव.

ही आपल्या वारलीसारखीच आहे का?

दिसायला नाही. वारलीत माणसं, झाडं, प्राणी बहुतेक बाजूने दिसतात. वाळवंटी चित्रात सगळं आकाशातून. पण दोघांच्या अलीकडच्या इतिहासात साम्य आहे. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक सवाशिणी काढत आणि पालघाट देवीला त्यात बसवल्याशिवाय लग्न पुढे सरकत नसे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवरून हे चित्र कागदावर आलं ते १९७० च्या दशकात, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्यांच्या हातून. पपुन्याचीही तीच वर्षं. पुढे दोन्हीकडे तेच झालं: कप, पडदे, चादरी, आणि मूळ माणसाला त्यातून काही नाही. वारलीला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

कलाकाराशी बोलताना वारलीचा विषय निघाला तर खुशाल सांगा, त्यांना असल्या गोष्टींत रस असतो. पण ‘आमच्याकडेही अगदी असंच असतं’ या वाक्याने सुरुवात करू नका. तुमचं गाव कुठलं, तिथली नदी कुठली, हे सांगा. ओळख करून द्यायची तिथली रीतही अशीच आहे. आधी जागा सांगतात.

कुठे शिकायचं?

उलुरूचं वर आलंच. अ‍ॅलिस स्प्रिंग्समध्ये ‘इल्त्जा न्त्जारा’ या केंद्रात नमत्जिरांच्या परंपरेतले जलरंग चित्रकार काम करताना दिसतात. युएन्डुमूचं ‘वार्लुकुर्लंगु’ केंद्र १९८५ पासून चालू आहे, पण ते अ‍ॅलिस स्प्रिंग्सपासून तीनेकशे किलोमीटर आहे. आधी न कळवता जाऊ नका. उत्तरेला गन्बालान्याचं ‘इंजालाक आर्ट्स’. तिथे जायला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो आणि वाटेत मगरींची नदी भरतीचं वेळापत्रक बघून ओलांडावी लागते. पावसाळ्यात तो रस्ता बंदच.

शहरात राहणाऱ्यांनी एवढं लांब जायची गरज नाही. मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमधलं ‘कूरी हेरिटेज ट्रस्ट’, सिडनीचं १९८७ मध्ये कलाकारांनीच स्थापन केलेलं ‘बूमाली’, तुमच्या भागातलं वाचनालय आणि नगरपालिका यांचे कार्यक्रम बघत राहा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातला नायडॉक हा अ‍ॅबोरिजिनल संस्कृतीचा सप्ताह आणि २७ मे ते ३ जून हा सलोखा सप्ताह, या काळात मोफत कार्यशाळाही असतात. ऑगस्टमध्ये डार्विनला जाणं जमत असेल तर तिथला अ‍ॅबोरिजिनल कला मेळा चुकवू नका; देशभरची कलाकेंद्रं एका छपराखाली भेटतात.

शिकवणारी व्यक्ती खरंच अ‍ॅबोरिजिनल आहे हे कसं ओळखायचं?

रंगावरून नाही, हे आधी. गोरी कातडी, निळे डोळे असलेले अ‍ॅबोरिजिनल कलाकार पुष्कळ आहेत. पिढ्यानपिढ्या अ‍ॅबोरिजिनल मुलं आईबापांपासून तोडून नेली गेली त्या देशात ‘तुम्ही किती टक्के?’ हा प्रश्न फार जिव्हारी लागतो. तो विचारू नका, मनात आला तरी गिळा.

त्याऐवजी कार्यशाळेची माहिती वाचा. कलाकाराचं नाव, त्याचे लोक कोण आणि त्याची भूमी कुठली हे तिथे लिहिलेलं असतं, कारण खरा कलाकार ते अभिमानाने सांगतो. नुसतंच ‘अ‍ॅबोरिजिनल डॉट पेंटिंग वर्ग’ असं लिहिलेलं आणि शिकवणाऱ्याचा पत्ताच नाही, तर पुढे जा. समाजाच्या मालकीचं कलाकेंद्र असेल किंवा दुकान, दालन ‘इंडिजिनस आर्ट कोड’ या कलाकारांशी रास्त व्यवहाराच्या आचारसंहितेचं सभासद असेल तर बरं.

फी जास्त वाटते. घासाघीस चालते का?

नाही. त्या फीमध्ये कलाकार, दुभाषी, साहित्य आणि बऱ्याचदा शेकडो किलोमीटरचं पेट्रोल असतं.

कसं वागायचं? काही पथ्यं?

वडीलधाऱ्यांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात, पण आपल्यासारखं दिसेल त्या वयस्क माणसाला नव्हे. तो मान त्यांच्या समाजाने दिलेला असतो. ओळख करून देताना जसं नाव सांगतील तसंच घ्या.

मुद्दाम डोळ्यांत डोळे घालून बोलायची गरज नाही. शांतता पडली की ती भरून काढू नका. हे आपल्याला सर्वांत अवघड जातं. फोटो विचारून घ्या. चित्राचा वेगळा, माणसाचा वेगळा. बऱ्याच समाजांत मृत व्यक्तीचं नाव काही काळ उच्चारत नाहीत आणि फोटोही दाखवत नाहीत, तेव्हा ‘तुमच्या आई पण चित्रकार होत्या ना?’ असली चौकशी टाळा. काही गोष्टी बायकांच्या, काही पुरुषांच्या असतात. बायका एका बाजूला बसून काम करत असतील तर पुरुषांनी तिथे डोकवायला जाऊ नये.

आणि वस्तीत कुणी गेलं की सगळे व्यवहार थांबतात, कार्यशाळाही. अशा वेळी तारीख बदलून घ्या, हुज्जत घालू नका.

जापाल्जारी, नापाल्जारी अशी नावं बऱ्याच चित्रकारांची दिसतात. सगळे एकाच घरातले का?

नाही, हे आडनाव नव्हे. वाळवंटातल्या अनेक समाजांत माणसं आठ गटांत विभागलेली असतात आणि कोणी कोणाशी लग्न करायचं, कोण कोणाचा काका-मामा लागतो हे त्यावरून ठरतं. पुरुषांची नावं ‘ज’ने, बायकांची ‘न’ने सुरू होतात. जापाल्जारी आणि नापाल्जारी हे एकाच गटातले भाऊबहीण. म्हणजे दोन जापाल्जारी चित्रकारांमध्ये रक्ताचं नातं असेलच असं नाही.

घरी आल्यावर तशी चित्रं काढून विकू का?

नको. हौसेने घरात स्वतःसाठी काढा, शिकवणाऱ्याची त्याला हरकत नसेल तर. विकणं, स्पर्धेत पाठवणं, टी-शर्टवर छापणं, ‘अ‍ॅबोरिजिनल शैली’ म्हणून दुसऱ्यांचे वर्ग घेणं, यांतलं काहीही नको. वांजिना या पूर्वज-आत्म्यांचे मोठ्या डोळ्यांचे, तोंड नसलेले चेहरे तर हौसेनेही काढू नका. ते किंबर्लीतल्या वोरोरा, न्गारिन्यिन आणि वुनाम्बल या तीन समाजांचे आहेत आणि त्यांतही कुणी काढायचे हे ठरलेलं आहे.

‘शैलीवर कुठे कुणाचा कॉपीराइट असतो?’ असं एक इंजिनिअर मित्र दर वेळी विचारतो. कायद्याच्या पुस्तकात त्याचं बरोबर असेल. पण ज्यांच्या समोर बसून शिकलो त्यांना जे रुचणार नाही ते करायला कायद्याची पळवाट शोधायची, हे मला पटत नाही.

भारतात नेण्यासाठी भेटवस्तू घ्यायच्या आहेत. काय बघायचं?

विमानतळावरचं बूमरँग उचलण्याआधी ते उलटं करून बघा. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ च्या अहवालात म्हटलं की अशा स्मरणवस्तूंवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा नकली मालावर जातो. इंडोनेशियात बनवलेला माल अ‍ॅबोरिजिनल लोकांनी हाताने रंगवल्याचं भासवणाऱ्या एका घाऊक कंपनीला २०१९ मध्ये २३ लाख डॉलर दंड झाला. वस्तूवर कलाकाराचं नाव, त्याची जागा आणि परवान्याचा उल्लेख असला पाहिजे.

मूळ चित्र घ्यायचं तर कलाकेंद्रातून घ्या. क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी यांचं १९७७ मधलं ‘वार्लुगुलोंग’ त्या वेळी १,२०० डॉलरला गेलं होतं. २००७ मध्ये तेच २४ लाखांना विकलं गेलं. चित्रकार २००२ मध्येच वारले होते आणि त्यांच्या घरच्यांना त्यातून छदामही मिळाला नाही. २०१० पासून कायदा झाला: एक हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला चित्र पुन्हा विकलं गेलं की कलाकाराला किंवा वारसांना पाच टक्के.

मुलाला शाळेतून ‘अ‍ॅबोरिजिनल चित्र काढून आणा’ असा गृहपाठ आलाय.

बाईंना सांगा की आम्ही एका चित्रकाराची माहिती लिहून आणतो. एमिली कामे न्ग्वारेये घ्या: मध्य ऑस्ट्रेलियातल्या यूटोपिया या भागातल्या या आजी आधी बाटिक करत, कॅनव्हासला हात लावला तेव्हा सत्तरी उलटली होती, आणि १९९६ मध्ये जाईपर्यंत त्यांनी हजारो चित्रं केली. आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट मुलाला स्वतःच शोधलेल्या खुणांनी काढू द्या. तेही बरोबर न्या.

भारतात राहून ऑनलाइन शिकता येईल का?

व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यांतले कितीतरी बाहेरच्याच लोकांनी केलेले असतात. कलाकार स्वतः ऑनलाइन वर्ग घेत असेल तर घ्या. नाहीतर कलाकेंद्रांच्या संकेतस्थळांवर चित्रं आणि त्यांच्या गोष्टी वाचत बसा. तिथे प्रत्येक चित्राखाली ती गोष्ट कुणाची हे दिलेलं असतं. आणि शेजारी बसूनच शिकायचं असेल, तर पालघर जिल्ह्यात वारली कलाकार घरी शिकवतात. तिथे जा.

मंडळाच्या गणपतीची सजावट या वर्षी अ‍ॅबोरिजिनल पद्धतीची करायचं ठरतंय. चालेल का?

आपल्याच कार्यकर्त्यांनी मखरावर ठिपके आणि कांगारू काढायचे असतील तर नको. त्याऐवजी तुमच्या उपनगराची भूमी ज्यांची आहे त्या समाजातल्या कलाकाराला बोलवा. आपल्या देवाच्या मागे त्यांची नक्षी लावणं त्यांना मान्य आहे का, हे आधी विचारा. काही जण नाही म्हणतील, आणि तो विषय तिथेच संपला. हो म्हणाले तर काम, मानधन, विसर्जनानंतर त्या पटाचं काय करायचं आणि फोटोंखाली कुणाचं नाव जाणार हे लेखी ठरवा. पट पाण्यात सोडायचा नाही, हेही त्यातच. मानधन देणगीच्या पाकिटातून नव्हे, बिल घेऊन. जुलैत नायडॉकमुळे कलाकारांना श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या गणपतीसाठी एप्रिलमध्येच फोन करा.